स्ट्रिंग ऑफ हार्ट्सच्या वेली आणल्यात, पाण्यात ठेवू की मातीत?

बाल्कनी_इंदिरानगर:
नमस्कार मंडळी, मागच्या आठवड्यात पुण्याला मावसबहिणीकडे गेले होते, तिच्या खिडकीत स्ट्रिंग ऑफ हार्ट्स टांगलेलं आहे, पडद्याच्या दांडीपासून पार फरशीपर्यंत आलेलं. दोऱ्यासारखी बारीक वेल, तिला जोडीजोडीने बदामाच्या आकाराची पानं, वरून हिरव्यावर चांदीसारखी नक्षी आणि खालून जांभळट. मी नुसतं किती गोड आहे म्हटलं तर तिने लगेच कात्री आणली आणि लांबच्या लांब वेली कापून ओल्या पेपरात गुंडाळून हातात दिल्या. आता त्या किचनमध्ये एका डब्यात पडून आहेत आणि घरात सगळे विचारतायत हे कुणाचे केस आणलेस म्हणून.

तर आता प्रश्न. एक म्हणजे पाण्यात मुळं आणू की थेट मातीत लावू, युट्यूबवर प्रत्येक जण वेगळं सांगतो. दुसरं, काही वेलींवर पानांच्या जोडीपाशी वाटाण्याएवढ्या करड्या गाठी आहेत, छोट्या बटाट्यासारख्या, हा रोग आहे का, कापून टाकू का? तिसरं, माझी बाल्कनी पश्चिमेची आहे, आत्ता पावसाची झड आत येते आणि एप्रिल मेमध्ये दुपारी नुसती भट्टी असते. जवळच्या नर्सरीवाल्या दादांना विचारलं तर म्हणाले नाशिकला ही असली झाडं टिकत नाहीत, मनी प्लांट घेऊन जा. मनी प्लांट घरात आहेच हो, आणि मांजरही आहे जे सगळं चावून बघतं. प्लीज कुणीतरी नीट सांगा, वेली सुकायच्या आत.

सातपूर_टेरेस:
गाठी कापू नका!!! तोच खरा माल आहे. बाकी जाणकार येतीलच सांगायला.

जुनी_कुंडी:
ताई, आधी त्या वेली ओल्या पेपरातून बाहेर काढा. डबाबंद ओल्यात राहिल्या तर पानं काळी पडून गळतात. कोरड्या वर्तमानपत्रावर पसरून सावलीत एक दिवस ठेवल्या तरी काही होत नाही, उलट कापलेली टोकं सुकतात ते बरंच.

गाठींचं सातपूरवाल्यांनी सांगितलंच. ते रोग नाहीत, कंद आहेत. ही वेल मूळची दक्षिण आफ्रिकेतली, जॉन मेडली वुड म्हणून पुढे डर्बनच्या बॉटनिक गार्डनचे क्युरेटर झाले त्यांना 1881 मध्ये तिकडच्या डोंगरात खडकांवरून लोंबताना दिसली, म्हणून शास्त्रीय नाव सेरोपेजिया वुडी. आता खडकाच्या फटीत माती ती किती असणार आणि पाऊस गेल्यावर ओल तरी किती राहणार, म्हणून ही बाई आपलं पाणी आणि खाणं कंदात साठवून ठेवते. एक मोठा कंद मातीत आणि वेल जुनी झाली की पेरांवरही, म्हणजे पानांची जोडी फुटते तिथेही, छोटे छोटे. लोंबता लोंबता असा कंद कुठल्या फटीत टेकला की तिथेच मुळं धरतो आणि नवीन झाड होतं. म्हणजे तुमच्या बहिणीने वेलींबरोबर बियाणंच दिलंय म्हणा ना.

लावायचं कसं ते आता सविस्तर लिहिते कारण लोक इथेच घाई करतात. खोल कुंडी नको. कुंभाराकडे मातीचं परळ मिळतं तसलं पसरट काहीतरी घ्या, तळाला भोक पाडून घ्या, नाहीतर दह्याचा प्लास्टिकचा डबा घ्या त्याला गरम सळईने भोकं पाडा, तेही चालतं. माती म्हणाल तर आपली काळी माती अजिबात वापरू नका, ओली झाली की चिकट आणि सुकली की दगड, भेगा पडताना नाजूक मुळं तुटतात. कोकोपीटची वीट भिजवून दोनदा पाणी बदलून धुवून घ्या कारण त्यात क्षार असतात, मग साधारण अर्धं कोकोपीट आणि अर्धं जाड रेती, विटांचे बारीक तुकडे, परलाइट यातलं जे मिळेल ते. पावसाळ्यात तर मी कोकोपीट अर्ध्याहूनही कमी घेते कारण ते पाणी फार धरतं. शेणखत, गांडूळखत आत्ता काहीच नाही, मुळं फुटेपर्यंत खाणार कोण.

मग वेल उभी खुपसायची नाही. मातीवर आडवी ठेवायची, गोल गोल गुंडाळी करून, जिलबीसारखी, आणि प्रत्येक पेर मातीला टेकलं पाहिजे. न टेकणाऱ्या ठिकाणी केसांची पिन उलटी खोचायची किंवा तारेचा यू करून खोचायचा. कंद असतील तिथे कंद अर्धा मातीत अर्धा बाहेर, पूर्ण गाडू नका, कुजतो. पानं वरच राहू द्या. मुळं पेरातूनच येतात, मधल्या दोऱ्याला सहसा येत नाहीत, म्हणून जितकी पेरं टेकली तितक्या ठिकाणांहून नवीन फुटवे, आणि कुंडी वरून भरलेली दिसते. नुसती वेलीची टोकं खोचली की चार दोरे लोंबतात आणि वर टक्कल, असं बऱ्याच जणांकडे बघितलंय.

मांजराचं म्हणाल तर हे झाड मांजराला विषारी नाही. तुमचा मनी प्लांट मात्र आहे, तो चावला तर तोंडाची आग होते, तोच वर टांगा.

पाण्यातच_बरं:
जुनी_कुंडी ताईंना पूर्ण मान देऊन थोडं वेगळं सांगतो. मी तरी पाण्यातच लावतो आणि मस्त येतात. काचेचा छोटा ग्लास घ्यायचा, खालच्या दोन पेरांची पानं काढून ती दोन पेरं फक्त पाण्यात, बाकी बाहेर, पूर्वेच्या खिडकीत ठेवायचं, दर तीनचार दिवसांनी पाणी बदलायचं. नवीन माणसाला यात एक मोठा फायदा आहे, दिसतं. मातीत काय चाललंय ते कळत नाही म्हणून लोक रोज उकरून बघतात आणि आलेली मुळं मोडतात. ग्लासमध्ये सडायला लागलं तर पाणी गढूळ होतं, लगेच कळतं, सडलेला भाग कापून परत ठेवता येतं.

जुनी_कुंडी:
मुळं येतात हो पाण्यात, ते मान्यच आहे. पण पुढे? पाण्यातली मुळं ठिसूळ असतात, मातीत गेल्यावर त्यातली बरीच मरतात आणि झाडाला पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. तो मधला काळ मोठा वाईट असतो, वरून वेल मलूल दिसते म्हणून माणूस आणखी पाणी घालतो आणि मग संपतं सगळं.

पाण्यातच_बरं:
म्हणून मुळं बोटभर लांब होऊ द्यायची नाहीत, नखाएवढी ते फारतर इंचभर झाली की लगेच हलवायची, आणि पहिला आठवडा माती जरा जास्त ओली ठेवायची. काहीच नाही तर वेली अर्ध्या अर्ध्या वाटा, अर्ध्या तुमच्या ताईंच्या पद्धतीने, अर्ध्या माझ्या. वेली भरपूर आहेत ना.

निफाडकर_द्राक्षवाला:
मी फुलझाडातला माणूस नाही, आमची बाग आहे आणि शेजारी भावाची रोपवाटिका, पण काड्यांना मुळ्या आणणं हा आमचा पोटापाण्याचा धंदा असल्यामुळे बोलतो. डॉगरीजच्या म्हणजे जंगली खुंटाच्या काड्या पिशवीत लावून मुळ्या आणायच्या, रोप शेतात लावायचं, आणि ऑगस्ट सप्टेंबरला त्याच्यावर पाहिजे त्या जातीचं कलम करायचं, हे नाशिक जिल्ह्यात घरोघरी चालतं. त्यावरून तुमच्या वेलीला लागू पडेल असं सांगतो, चुकलं तर वरच्या ताईंनी कान धरावा.

पाणी की माती हा वादच नाही ताई, वाफसा पाहिजे. वाफसा म्हणजे मातीत ओल पण आहे आणि हवा पण आहे अशी स्थिती, मूठ दाबली तर गोळा होतो पण हाताला पाणी लागत नाही. काडीला मुळी फुटायला जितकी ओल लागते तितकाच श्वास लागतो, चिखलात कोंडली की ती आधी गुदमरते आणि मग बुरशी येते, लोक म्हणतात बुरशीने मेली पण मेली ती आधीच. पाण्यातवाले दादा दर तीनचार दिवसांनी पाणी बदलतात ना, ते पण एका परीने हवाच देतात. आणि परळात रेती घालायला सांगितलीय ती पण हवेसाठीच. दोघं एकच सांगतायत.

आमच्याकडे काडी कापताना खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली घेतात कारण मुळ्या डोळ्याजवळच फुटतात, आणि वरचा काप तिरका, म्हणजे गठ्ठ्यात वरची बाजू कुठली ते कळतं. उलटी लागलेली काडी फुटायला फार छळते. तुमच्या दोऱ्यासारख्या वेलीचे तुकडे केले तर उलटसुलट कळणार नाही, तेव्हा ग्लासात ठेवायच्या असतील तर कापतानाच खालच्या टोकाला शिवायचा दोरा बांधा. आडव्या ठेवल्या तर हा ताप नाही.

बाल्कनी_इंदिरानगर:
बापरे एवढं सगळं, सगळ्यांचे मनापासून आभार!! वेली बाहेर काढून पसरल्यात, पेपर खरंच चिंब होता. काका, ते रूटिंग हार्मोन की काय असतं ते आणू का, ऑनलाइन मिळतंय. आणि एका व्हिडिओत बाईने प्रत्येक पानांची जोडी वेगळी कापली आणि डब्यात मॉसवर ठेवून झाकण लावलं, ते कसं वाटतं? आणि गंमत म्हणजे सेरोपेजिया नाव गुगलवर टाकलं तर मराठीत खरपुडी, कंदीलपुष्प असं येतंय आणि फोटो अंजनेरीचे! म्हणजे हे झाड आपल्याकडचंच आहे का मग?

निफाडकर_द्राक्षवाला:
हार्मोन नको. आम्ही आयबीए वापरतो ते द्राक्षाची काडी लाकडासारखी टणक असते म्हणून आणि हजारो रोपांत मर परवडत नाही म्हणून. तुमची वेल कोवळी आणि वर कंद घेऊन आलेली, तिला कशाला. पैसे वाचवा आणि द्राक्षं घ्या.

जुनी_कुंडी:
मॉसच्या डब्याची पद्धत चांगली आहे, बटरफ्लाय म्हणतात तिला, पानांची जोडी आणि दोन्हीकडे अगदी थोडा दोरा ठेवून कापतात आणि पेर ओल्या मॉसवर टेकवतात. एका वेलीतून खूप रोपं होतात. पण ती कोरड्या हवेत कामाची, तिथे झाकण ओल धरून ठेवतं. आत्ता आषाढात आपल्या हवेतच इतकी ओल आहे की झाकण लावलं तर आत पांढरी बुरशी धरेल. करायचंच असेल तर पाऊस संपल्यावर करा, झाकण रोज थोडा वेळ उघडायचं. आणि पावसाळ्यात कंपाउंडच्या भिंतीवर येतं ते शेवाळ खरवडून आणू नका, त्यात माती आणि किडे असतात, स्फॅग्नम मॉस वेगळं. ते नसेल तर नारळाचा काथ्या धुवून बारीक कातरून घ्या, माझं त्यावर भागतं.

पान मात्र पेरासकट पाहिजे हे लक्षात ठेवा. त्या व्हॅलेंटाइनच्या आसपास कुंडीत एकच जाड बदामी पान खोचून विकतात ना, ते होयाचं पान असतं, याच घराण्यातलं, त्याला पेर नसेल तर ते वर्षानुवर्षं तसंच एकटं बसतं, वेल काही येत नाही. लोक प्रेमाने पाणी घालत राहतात बिचारे.

डोंगरयात्री:
अंजनेरीचं मी सांगतो. बाल्कनीताई, तुमची वेल आफ्रिकेचीच, पण तिची सख्खी चुलत भावंडं आपल्या सह्याद्रीत भरपूर आहेत. सेरोपेजिया हे सगळं कूळ, आपल्याकडे त्यांना खरपुडी, कंदीलपुष्प अशी नावं आहेत. त्यातली एक तर अंजनेरीच्याच नावाची, सेरोपेजिया अंजनेरिका, 2006 मध्ये नवीन प्रजाती म्हणून नोंदली गेली. म्हणजे इथून त्र्यंबक रस्त्याला जेमतेम वीस किलोमीटरवर अशी गोष्ट आहे जी शास्त्राला तोवर माहीतच नव्हती आणि आपण मारुतीचं दर्शन घेऊन, मक्याचं कणीस खाऊन परत येत होतो.

पावसाळ्यात वरच्या पठारावर गवतात उगवते, फूल आलं नसेल तर गवतात ओळखूच येत नाही, आणि दिवाळीनंतर गेलात तर काहीच नाही, सगळं जमिनीत कंदात जाऊन बसलेलं. फूल मात्र तुमच्या वेलीला येईल त्याच घडणीचं, खाली फुगीर, मध्ये नळी आणि वर पाकळ्यांची टोकं जुळून पिंजरा, कंदिलासारखं. ती नळी म्हणजे चक्क सापळा आहे. बारीक माशी वासाने येते, आत घसरते, नळीत खाली वळलेले केस असतात त्यामुळे वर चढता येत नाही. आत अडकते, तिच्या तोंडाला परागाची पुडी चिकटते, काही वेळाने ते केस सुकून मऊ पडतात आणि माशी सुटते, आणि शहाणपण न शिकता पुढच्या फुलात जाते. माशीला इजा काही होत नाही, पकडून सोडून देतात.

गंगाघाट_गार्डन:
मग अंजनेरीवरून एखादा कंद आणून लावला तर? आपल्या हवेतलीच आहे म्हणजे टिकेल पण छान, आणि फुकट.

डोंगरयात्री:
नको! आणि हे जरा कडक सांगतो. अंजनेरी संवर्धन राखीव क्षेत्र आहे, तिथून झाड उपटणं म्हणजे वनविभागाशी गाठ. पण कायदा बाजूला ठेवला तरी त्या झाडांचं मोजकं उरलंय. खरपुडीचे कंद खाता येतात, त्यामुळे पूर्वीपासून माणसं काढतात, रानडुकरं उकरतात, वणव्यात आणि चराईत जातात ती वेगळी. एक कंद काढला म्हणजे ते झाड संपलं, फांदी तोडण्यासारखं नाही. आणि कुंडीत ती जगत पण नाही सहजासहजी, तिला चार महिने धो धो पाऊस आणि आठ महिने कोरडी झोप लागते, तुम्ही उन्हाळ्यात दयेने पाणी घातलं की कंद कुजला. श्रावणात जा, फोटो काढा, पायाखाली बघून चाला. बाल्कनीत लोंबवायला ही आफ्रिकेची आहे की, एका वेलीची शंभर होते आणि कुणाचं काही जात नाही.

गंगाघाट_गार्डन:
समजलं दादा, नाही आणत. बाल्कनीताई तुमच्याच वेली जास्त झाल्या तर सांगा, पंचवटीतून घ्यायला येतो.

सातपूर_टेरेस:
मागे माझापण नंबर लावा.

बाल्कनी_इंदिरानगर:
आधी जगू तर द्या! बरं, मी असं केलंय, कंदवाल्या सगळ्या वेली परळात आडव्या, केसांच्या पिना लावून, आणि बिनकंदाच्या दोन पाण्यात, दोरा बांधून. नवरा म्हणतोय परळ म्हणजे ऑपरेशन टेबल दिसतंय. आता पाणी किती आणि कधी ते सांगा, आणि ऊन. बाल्कनीत ठेवू की आत?

जुनी_कुंडी:
आत्ता बाल्कनीतच, पण झड पोचणार नाही अशा आतल्या बाजूला, भिंतीलगत, उजेड भरपूर पाहिजे. आकाश दिसेल अशी जागा म्हणजे पुरेसा उजेड. उजेड कमी पडला की दोन पानांच्या जोड्यांमधलं अंतर वाढत जातं आणि पानांवरची चांदी जाऊन ती फिक्की हिरवी होतात, तीच खूण धरा. मार्चनंतर तुमचं पश्चिमेचं ऊन सोसणार नाही, तेव्हा आत खिडकीपाशी किंवा हिरव्या नेटमागे.

मुळं धरेपर्यंत वरची माती सुकली की स्प्रेने ओलावायची, काकांनी सांगितलेला वाफसा. पानांच्या बेचक्यातून नवीन गुलाबी कोंब दिसायला लागले म्हणजे खाली मुळं झाली असं समजा, वेल हळूच ओढून बघायचा मोह आवरा. एकदा जम बसला की नियम उलटा. पान दोन बोटांत धरून हलकं दुमडून बघायचं, कडक लागलं तर पाणी नाही, मऊ पडून वाकलं तर भरपूर घालायचं, खालच्या भोकातून निघेपर्यंत, आणि मग परत विसरायचं. डिसेंबर जानेवारीत नाशिकला पारा दहाच्या खाली जातो तेव्हा ती वाढ थांबवते, त्या काळात पाणी अगदीच कमी, आणि रात्री कुंडी आत. तेव्हा काही नवीन फुटत नाही म्हणून घाबरू नका, खत तर मुळीच घालू नका, ते फेब्रुवारीत थंडी सरल्यावर, पातळ करून.

निफाडकर_द्राक्षवाला:
थंडीचं आमच्याकडे याहून वाईट असतं, बागेत शेकोट्या पेटवतो आम्ही, ताई कुंडी आत घ्या नक्की. आणि एक राहिलं, मिलीबग म्हणजे पिठ्या ढेकूण. पांढरा कापूस पेरांच्या बेचक्यात दिसला की समजायचं आला. द्राक्षवाल्याला नाव काढलं तरी झोप येत नाही. तुमच्या घराण्याला म्हणजे रुईच्या घराण्यातल्या झाडांना वरून तो पिवळा मावा पण लागतो, रुईच्या शेंड्याला गर्दी करून बसलेला दिसतो ना तोच. चारदोन असतील तर कापसाच्या काडीला स्पिरिट लावून टिपून काढायचे, जास्त असतील तर नीमतेलाच्या पाण्यात दोन थेंब साबण घालून संध्याकाळी फवारायचं, आठवड्याने परत. दुपारच्या उन्हात फवारू नका, पानं भाजतात. आणि कुंडीवर मुंग्यांची रांग लागलेली दिसली तर मुंग्या मारत बसू नका, त्या गोडाला आलेल्या असतात, रांग कुठपर्यंत जातेय तिथे बघा, मिलीबग नाहीतर मावा तिथेच सापडेल.